माशांच्या पोटातलं मायक्रोप्लास्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीतला असो की समुद्रातला, मासा कापून तपासला की प्लास्टिक सापडतं, ही बातमी आता नवी राहिलेली नाही. पण त्या बातमीतून दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. कुणी मासे खाणंच सोडायचं म्हणतो, तर कुणी 'इतकं प्लास्टिक सगळीकडे आहे, त्यात हे काय' म्हणून विषय झटकून टाकतो. दोन्हींत मासा बाजूलाच राहतो. खाली जे प्रश्न घेतले आहेत ते लोक खरोखर विचारतात. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही प्रश्नांना एक ओळ पुरते आणि काहींना पुरत नाही.

मायक्रोप्लास्टिक नेमकं कशाला म्हणायचं?

५ मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या कोणत्याही कणाला. तुकडा, गोळी, धागा, पापुद्रा, फेसाचा कण, आकार कसाही असो. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात समुद्रातल्या या कणांवर निबंध लिहिला आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. १ मायक्रोमीटरपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक कणांना नॅनोप्लास्टिक म्हणतात.

एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवलेली बरी. ५ मिलिमीटर आणि १ मायक्रोमीटर यांत पाच हजार पटींचा फरक आहे. ४ मिलिमीटरचा तुकडा लहान मासा गिळूच शकत नाही आणि २ मायक्रोमीटरचा कण त्याला दिसतही नाही. दोघांना नाव एकच असलं तरी माशाच्या शरीरात दोघांची वाट अगदी वेगळी असते. या विषयातला निम्मा गोंधळ हे विसरल्यामुळे होतो.

हे कण पाण्यात येतात कुठून?

सगळ्यात उघड वाट म्हणजे मोठ्या प्लास्टिकची झीज. पिशवी, बाटली, दोरी, पॅकिंगचा फेस उन्हात पडला की अतिनील किरणांनी ठिसूळ होतो, लाटांनी आणि वाळूने घासला जातो आणि त्याचे तुकडे होत जातात. तुकडे होतात म्हणजे प्लास्टिक नाहीसं होत नाही, ते फक्त वाढत्या संख्येने लहान होतं.

दुसरी वाट कपड्यांची. पॉलिस्टर, अ‍ॅक्रिलिक, नायलॉनचे कपडे धुताना त्यांतून तंतू सुटतात. प्लिमथ विद्यापीठातच २०१६ मध्ये मोजलं गेलं, तेव्हा अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या ६ किलोच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू निघू शकतात असा अंदाज आला. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत यातले बहुतेक अडतात, पण अडतात ते गाळात. तो गाळ खत म्हणून शेतात गेला की पावसाबरोबर पुन्हा ओढ्यात.

तिसरी वाट टायरची. रस्त्यावर घासून जाणारं टायर म्हणजे मुख्यतः कृत्रिम रबर, आणि ती काळी भुकटी पहिल्या जोरदार पावसात गटारातून नदीत उतरते. टायरचे कण काळे, मऊ आणि बारीक असल्यामुळे नेहमीच्या तपासणीत सहज निसटतात. म्हणून त्यांची चर्चा त्यांच्या प्रमाणाच्या मानाने फार कमी होते, असं मला वाटतं.

याशिवाय बोटींचे आणि इमारतींचे रंग, मासेमारीची जाळी आणि दोर, आणि कारखान्यांत कच्चा माल म्हणून जाणाऱ्या मसुरीएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' हे मालवाहू जहाज पेटलं आणि पुढे जूनमध्ये बुडालं, तेव्हा अशा सुमारे १,६८० टन गोळ्या समुद्रात गेल्या. किनाऱ्यावर त्यांचे थर साचले आणि मेलेल्या माशांच्या कल्ल्यांत आणि तोंडातही गोळ्या सापडल्या.

नदी-तलावात समुद्रापेक्षा कमीच असेल ना?

असं धरून चालणं चुकीचं आहे. संशोधनाची सुरुवात समुद्रापासून झाली, म्हणून बातम्याही समुद्राच्या जास्त. प्रत्यक्षात समुद्रातलं बरंचसं प्लास्टिक नदीतूनच जातं, आणि जाण्याआधी ते नदीच्या तळाशी मुक्काम करतं.

याचा चांगला दाखला इंग्लंडमधल्या मँचेस्टर परिसराचा. तिथल्या नद्यांचा तळ एकदा पुराआधी आणि एकदा पुरानंतर तपासला गेला. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टेम नावाच्या नदीत एका ठिकाणी तळाच्या एका चौरस मीटरमध्ये पाच लाखांहून अधिक कण होते, आणि पुराने एकूण साठ्यातले सुमारे ७० टक्के कण वाहून नेले. म्हणजे कोरड्या दिवसांत नदी कण साठवते आणि पुरात ते एकदम पुढे ढकलते. तळाशी चरणाऱ्या माशाला वर्षभर त्या साठ्यातच तोंड घालावं लागतं.

प्लास्टिकच्या घनतेचाही थोडा हात आहे. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगतं. नायलॉन, पीव्हीसी, बाटल्यांचं पीईटी जड, म्हणून बुडतं. पण तरंगणाऱ्या कणावरही काही दिवसांत जिवाणू आणि शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, तो जड होतो आणि हळूहळू खाली जातो. त्यामुळे पृष्ठभाग, मधलं पाणी आणि तळ यांपैकी कुठेच राहणारा मासा यातून सुटत नाही.

माशांना कळत नाही का? ते प्लास्टिक खातात तरी कशाला?

बहुतेक वेळा ते 'खात' नाहीत, ते त्यांच्या पोटात जातं. वाटा निरनिराळ्या आहेत.

काही मासे तोंड उघडं ठेवून पोहतात आणि कल्ल्यांजवळच्या काटेरी चाळणीने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून घेतात. चाळणीला प्लवक आणि प्लास्टिक यांत भेद करता येत नाही. तळाशी चरणारे मासे चिखलासकट घास घेतात. शिकारी मासे लहान मासा गिळतात, तेव्हा त्याच्या पोटातलं प्लास्टिकही आत जातं. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक, स्वतःही प्लास्टिक गिळतात, त्यामुळे अन्नसाखळीच्या अगदी खालच्या पायरीपासून हे सुरू होतं.

वासाचा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अँकोव्ही माशांवर २०१७ मध्ये प्रयोग झाला. स्वच्छ प्लास्टिकचा वास असलेलं पाणी सोडलं तर थवा निवांत राहिला. समुद्रात काही काळ राहून जिवाणू-शेवाळ चढलेल्या प्लास्टिकचा वास सोडला, तेव्हा मात्र थवा अन्न शोधताना वागतो तसा वागू लागला. लाखो वर्षं ज्या वासाने अन्नापर्यंत नेलं तोच वास आता फसवतो आहे. मासा मूर्ख आहे म्हणून प्लास्टिक गिळतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणखी एक वाट खाऱ्या पाण्यातल्या माशांची. समुद्राचं पाणी त्यांच्या शरीरातल्या द्रवांपेक्षा खारट असल्याने त्यांच्या शरीरातून पाणी सतत बाहेर खेचलं जातं, आणि ते भरून काढायला हाडाचा सांगाडा असलेल्या समुद्री माशांना पाणी प्यावंच लागतं. त्या पाण्याबरोबर अगदी बारीक कण आत जातात. गोड्या पाण्यातल्या माशांचं उलट असतं. पाणी आपोआप आत शिरतं, म्हणून ते फारसं पीत नाहीत. ही वाट त्यांना जवळपास बंद आहे, बाकीच्या सगळ्या खुल्या.

शिवाय कल्ले आहेतच. श्वासाचं पाणी त्यांतून सतत वाहतं आणि लांब तंतू तिथे अडकतात.

मासे हातावर हात धरून बसतात असंही नाही. तोंडात आलेला कण खाण्यासारखा नाही असं जाणवलं तर अनेक मासे तो थुंकून टाकतात. जाणवण्याइतका मोठा असेल तरच, अर्थात.

एकदा पोटात गेलेलं प्लास्टिक तिथे साठत जातं का?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. उत्तर असं: बहुतेक कण साठत नाहीत, बाहेर पडतात.

गोल्डफिशवर २०१७ मध्ये केलेल्या प्रयोगात त्यांना अन्नातून प्लास्टिकचे बारीक मणी आणि तंतू दिले गेले. निम्मे कण सुमारे १० तासांत बाहेर पडले आणि ९० टक्के कण साधारण ३३ तासांत. अन्नाचा न पचलेला भाग जसा जातो तसेच तेही गेले.

मग माशाच्या पोटात नेहमी प्लास्टिक का सापडतं? कारण पाण्यात ते नेहमी असतं. वाहत्या नळाखाली ठेवलेल्या गळक्या भांड्यात पाणी दिसतं ते भांडं पाणी धरून ठेवतं म्हणून नव्हे, नळ बंद होत नाही म्हणून. माशाच्या पोटात सापडलेले दोन कण हे त्याच्या आयुष्यभराची जमा नसून बहुधा गेल्या एक-दोन दिवसांची नोंद असते. आयुष्यभरात त्याच्या आतड्यातून किती गेलं हे त्या दोन कणांवरून समजत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पाणी स्वच्छ झालं तर मासाही लवकर रिकामा होईल, ही आशेची. आणि 'फक्त दोनच कण सापडले, म्हणजे किरकोळ' हा निष्कर्ष चुकीचा, ही सावध करणारी.

अपवाद आहेत. लांब तंतूंचा गुंता झाला तर तो जठराच्या तोंडाशी अडकू शकतो. लहान माशाने मोठा तुकडा गिळला तर तोही. आणि अतिसूक्ष्म कण आतड्याची भिंत ओलांडू शकतात, त्याबद्दल पुढे.

मग मोठ्या शिकारी माशांत जास्त असतं का, पाऱ्यासारखं?

पारा आणि प्लास्टिक यांची सांगड बरेच जण घालतात, पण ती बसत नाही. मिथिल मर्क्युरी प्रथिनांना घट्ट धरून स्नायूंत राहतो, लवकर बाहेर पडत नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो आणि ट्यूनासारख्या मोठ्या माशात सगळ्यात जास्त असतो. प्लास्टिकचा कण आतड्यातून जातो आणि निघून जातो. समुद्री जीवांवरच्या अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात प्रत्येक पायरीवरच्या जीवांत प्लास्टिक आढळलं, पण वरच्या पायरीला ते वाढत जातं याला आधार मिळाला नाही.

कण पोटाबाहेर, मांसात जातात का?

मोठे कण नाही. आतड्याची भिंत त्यांना अडवते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सस्तन प्राण्यांवरच्या माहितीवरून मांडलेला ठोकताळा असा, की १५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण शोषलेच जात नाहीत आणि खोलवरच्या अवयवांपर्यंत पोचण्याची शक्यता १.५ मायक्रोमीटरहून लहान कणांचीच.

या अतिसूक्ष्म कणांची गोष्ट वेगळी. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी पॉलिस्टायरीनचे (थर्माकोल बनतो त्या प्लास्टिकचे) नॅनोकण शेवाळाला, शेवाळ डॅफ्निया या पाणपिसवांना आणि त्या पिसवा क्रुशियन कार्प माशांना दिल्या. कण माशांच्या मेंदूत पोचले आणि माशांचं खाण्याचं वागणं बदललं. २०१७ चा हा निबंध मी महत्त्वाचा मानतो, पण प्रयोगशाळेतली मात्रा आणि उघड्या पाण्यातली मात्रा एक नसते हेही सांगायला हवं.

स्नायूंत कण सापडल्याचे जे अहवाल येतात, ते वाचताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: कापताना आतड्यातला किंवा हवेतला कण मांसाला लागला नाही, याची खात्री कशी केली? चांगल्या निबंधात याचं उत्तर असतं.

हे मोजतात कसं?

मासा आणल्यावर आधी बाहेरून शुद्ध पाण्याने धुतात. पोट चिरून अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत सगळी नळी एकसंध काढतात आणि काचेच्या भांड्यात ठेवतात. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं साधारण १० टक्क्यांचं द्रावण ओततात आणि भांडं ४० ते ६० अंश सेल्सियसला ऊबवणीत ठेवतात. एक-दोन दिवसांत मांस, चरबी, अर्धवट पचलेलं अन्न सगळं विरघळून तपकिरी द्रव उरतो. बहुतेक प्लास्टिकला या द्रावणाने फारसं काही होत नाही. मग तो द्रव बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून ओढतात.

तो कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की खरी परीक्षा सुरू होते. वाळूचे चकाकणारे कण, कवचांचे तुकडे, माशांचे खवले, किड्यांचे पाय, वनस्पतीचे तंतू. आणि मध्येच एखादा निळा धागा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जाडीचा, पेशींची कोणतीही खूण नसलेला. त्याला तापलेल्या सुईचं टोक लावलं तर प्लास्टिक असल्यास तो आक्रसतो किंवा वितळतो. पण सुईवर भागत नाही. कण कोणत्या पॉलिमरचा, म्हणजे कोणत्या जातीच्या प्लास्टिकचा, आहे हे सांगायला इन्फ्रारेड किंवा रामन वर्णपटमापन लागतं. प्रत्येक पॉलिमर प्रकाशाला आपापल्या पद्धतीने प्रतिसाद देतो, त्यावरून ओळख पटते.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खोलीतली हवा. संशोधकाच्या कपड्यांतूनच तंतू झडतात. म्हणून सुती कोट घालतात, भांडी झाकून ठेवतात आणि माशाशिवाय सगळी प्रक्रिया जशीच्या तशी करून एक कोरा नमुना तयार करतात. कोऱ्या नमुन्यात जितके कण येतील तितके वजा करावे लागतात. ज्या अहवालात कोऱ्या नमुन्याचा उल्लेखच नाही, त्याचे आकडे मी तरी धरत नाही.

कुठे 'नऊ टक्के मासे' तर कुठे 'पस्तीस टक्के'. खरं काय मानायचं?

दोन्ही खरं असू शकतं. उत्तर प्रशांत महासागरात जिथे गोल फिरणाऱ्या प्रवाहांमुळे कचरा गोळा होतो त्या भोवऱ्याच्या भागात २०१० च्या अभ्यासात सुमारे ३५ टक्के प्लवकभक्षी माशांत प्लास्टिक सापडलं, २०११ च्या अभ्यासात सुमारे ९ टक्के. मासे कुठल्या जातीचे, किती खोलीवरचे, जाळं किती वेळ ओढलं, यावर बरंच अवलंबून असतं. जाळ्यात मासे आणि प्लास्टिक दाटीवाटीने एकत्र येतात आणि तिथेच घाबरलेला मासा प्लास्टिक गिळू शकतो. ते पोटात सापडतं, पण त्याने ते मोकळ्या पाण्यात गिळलेलं नसतं.

इंग्लिश खाडीतल्या १० जातींच्या ५०४ माशांच्या २०१३ च्या अभ्यासात ३६.५ टक्के माशांत कृत्रिम कण होते. जगभरच्या अभ्यासांच्या २०२१ च्या आढाव्यात समुद्री माशांसाठी सरासरी २६ टक्के आली आणि ३८६ जातींत प्लास्टिक गिळल्याची नोंद झाली. त्याच आढाव्यात प्रमाण दशकभरात दुप्पट झाल्याचंही दिसलं. यातली काही वाढ खरी आणि काही अधिक चांगल्या उपकरणांमुळे बारीक कण दिसू लागल्याची, असं त्या संशोधकांचंही मत आहे.

तंतूंबाबत आणखी एक सावधगिरी. २०२० मध्ये जगातल्या महासागरांच्या पाण्यातले तंतू एकेक करून तपासले गेले, तेव्हा जेमतेम ८ टक्के तंतू कृत्रिम निघाले. बाकीचे बहुतेक कापूस, व्हिस्कोज यांसारखे सेल्युलोजचे आणि थोडे लोकरीसारखे प्राणिज. रंगवलेला सुती धागाही डोळ्याला प्लास्टिकसारखाच दिसतो. नुसतं डोळ्यांनी मोजलेले जुने आकडे म्हणून फुगलेले असू शकतात. उलट १०० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण कित्येक अभ्यासांनी मोजलेलेच नाहीत, त्यामुळे दुसऱ्या बाजूने तेच आकडे तोकडेही आहेत.

हे अलीकडचं आहे की आधीपासून होतं आणि आता दिसू लागलं?

याचं उत्तर संग्रहालयांतल्या बरण्यांनी दिलं. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आणि इतर संग्रहांत दशकानुदशकं जतन केलेले नदीतले मासे संशोधकांनी बाहेर काढले आणि त्यांची आतडी तपासली. विसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या माशांत प्लास्टिक नव्हतं. १९५० नंतरच्या माशांत ते दिसू लागलं आणि पुढे वाढतच गेलं. २०२१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बरणीतल्या माशाने कोणताही पक्ष घेतलेला नसतो, म्हणून मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

आणि दिसू लागलंही बरंच आधी. १९७२ मध्येच अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या माशांत पॉलिस्टायरीनच्या गोळ्या सापडल्याचं 'सायन्स'मध्ये छापून आलं होतं. पुढची तीस वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

माशांना यामुळे नेमका काय त्रास होतो?

प्रयोगशाळेत दिसलेले परिणाम असे: पोट भरल्याचा भास होऊन खाणं कमी होणं, वाढ मंदावणं, आतड्याच्या अस्तराला सूज, आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडणं, पोहण्यात आणि शिकार टाळण्यात ढिलाई. २०१३ च्या एका प्रयोगात जपानी मेडाका माशांना दोन महिने पॉलिथिलीनचे कण अन्नातून दिले. काहींना कोरं प्लास्टिक, काहींना सॅन दिएगोच्या खाडीत बुडवून ठेवलेलं. दोन्ही गटांच्या यकृतावर ताण दिसला, पण खाडीतल्या प्लास्टिकच्या गटात जास्त.

आता दुसरी बाजू. कितीतरी प्रयोगांत कणांची संख्या नैसर्गिक पाण्यापेक्षा शेकडो-हजारो पट ठेवली होती आणि कण बाजारात मिळणारे गुळगुळीत गोल मणी होते. नदीतला मासा असे मणी क्वचितच गिळतो. तो गिळतो उन्हाने कडक झालेले वेडेवाकडे तुकडे आणि तंतू. म्हणून 'परिणाम होत नाही' असंही म्हणता येत नाही आणि 'मासे यामुळे मरत आहेत' असंही सरसकट म्हणता येत नाही.

या क्षेत्राला एक धक्काही बसला आहे. माशांची पिल्लं अन्नापेक्षा प्लास्टिक पसंत करतात असा दावा करणारा स्वीडनमधला निबंध २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला, जगभर गाजला आणि प्रयोगांबद्दल शंका उठल्यानंतर २०१७ मध्ये मागे घेतला गेला. तो दावा आजही फिरत असतो. कुठे वाचलात तर पुढे पाठवू नका.

आणि एका ठिकाणी मासे खरोखर मरतात, ते टायरमुळे. अमेरिकेच्या वायव्य भागात अंडी घालायला नदीत परतणारे कोहो सामन पावसानंतर मोठ्या संख्येने मरत, आणि कारण कित्येक वर्षं सापडत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते उघड झालं. टायर लवकर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्यापासून ६पीपीडी-क्विनोन तयार होतं आणि त्याची अत्यल्प मात्राही कोहोला काही तासांत मारते. जवळचेच नातलग असलेले चम सामन मात्र त्याच पाण्यात जगतात. एका जातीवरून दुसरीबद्दल अंदाज बांधणं किती धोक्याचं, हे यातून कळतं.

प्लास्टिकला चिकटलेली विषारी रसायनं माशात उतरतात का?

उतरू शकतात. प्लास्टिक पाण्यातली जुनी कीटकनाशकं आणि पीसीबी (एकेकाळी विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी विषारी रसायनं) ओढून घेतं, शिवाय त्याच्या स्वतःच्या पोटात प्लास्टिक मऊ करणारं थॅलेट, अग्निरोधक वगैरे घातलेलं असतं. पण मासा हीच रसायनं अन्नातून आणि कल्ल्यांवाटे पाण्यातूनही घेत असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्या वाटेने येणारा वाटा प्लास्टिकच्या वाट्यापेक्षा खूप मोठा असतो. प्लास्टिकमध्ये मुद्दाम घातलेल्या रसायनांची चिंता मला जास्त रास्त वाटते.

मत्स्यशेतीतले मासे सुरक्षित असतात का?

आपोआप नाही. त्यांच्या खाद्यात लहान समुद्री माशांची भुकटी असते, ते मासे आतड्यासकट दळलेले असतात, आणि अशा भुकटीत मायक्रोप्लास्टिक सापडलं आहे. तळ्यात जाळी, दोर, पाइप, तरंगते पिंप हेही प्लास्टिकचेच. पाण्याचा स्रोत आणि खाद्य काय, यावर सगळं अवलंबून.

मग मासे खाणं थांबवावं का?

आजच्या माहितीवरून, या कारणासाठी नाही. माशातून प्रथिनं, ओमेगा-३, आयोडीन, ब जीवनसत्त्वं मिळतात, त्यांचा फायदा पक्का आहे. बहुतेक कण आतड्यात असतात आणि आतडी काढून टाकली की बरेचसे तिथेच जातात. पूर्ण हमी मात्र नाही. सुकवलेल्या माशांच्या २०१७ च्या अभ्यासात चारपैकी दोन जातींत आतडी काढलेल्या मांसात काढून टाकलेल्या भागांपेक्षा जास्त कण निघाले, म्हणजे वाळवताना-हाताळताना बाहेरूनही कण बसतात. उलट डबाबंद सार्डिनच्या २० ब्रँडांच्या तपासणीत १६ मध्ये काहीच सापडलं नाही.

जे अख्खे खाल्ले जातात त्यांतून जास्त जाणार, उदाहरणार्थ शिंपले आणि अगदी लहान मासे. तरी प्रमाण पाहा. युरोपीय प्राधिकरणाच्या हिशेबाने शिंपल्यांच्या २२५ ग्रॅमच्या एका वाढपातून फार तर ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक जाईल. स्कॉटलंडमध्ये २०१८ मध्ये एका गटाने शिंपल्यांतले कण आणि जेवताना घरातल्या धुळीतून ताटात पडणारे तंतू यांची तुलना केली, तेव्हा धुळीचा आकडा कितीतरी पटींनी मोठा आला.

माणसाच्या शरीरात प्लास्टिक जातं हे मात्र खरं. २०२४ च्या मार्चमध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या धमनीतून काढलेल्या चरबीच्या थरात प्लास्टिक आढळलेल्या रुग्णांना पुढे हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट असल्याचं दाखवलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आणि ते प्लास्टिक माशांतूनच आलं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हवा, पाणी, वेष्टनं या वाटा आहेतच.

शिजवल्याने प्लास्टिक जातं का?

नाही.

समुद्रातून गाळून काढता येणार नाही का?

मोठा कचरा काढता येतो आणि काढायलाच हवा, कारण तोच उद्याचा मायक्रोप्लास्टिक. पण अर्ध्या मिलिमीटरचा कण पकडणारी जाळी त्याच मापाचं प्लवक, माशांची अंडी आणि पिल्लंही पकडेल. माशांना वाचवायला निघून त्यांचं अन्नच उपसून काढण्यात अर्थ नाही.

'जैवविघटनशील' पिशव्या वापरल्या तर?

पाटीवर फार विसंबू नका. प्लिमथमध्ये वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवल्या. 'बायोडिग्रेडेबल' छापलेली पिशवी तीन वर्षांनंतरही सामान भरून उचलता येण्याइतकी शाबूत होती. मक्यापासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकला विघटनासाठी औद्योगिक कंपोस्टातलं साधारण ६० अंशांचं तापमान लागतं. थंड नदीत ते कुठून येणार?

एकट्या माणसाने काही केलं तर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. कॅनडातल्या पॅरी साउंड या छोट्या गावात ९७ घरांच्या कपडे धुण्याच्या यंत्रांना तंतू अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या. गावाच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तंतू सरासरी ४१ टक्क्यांनी घटले. गाळणीत जमलेला लगदा मात्र नळाखाली धुऊ नका, कोरड्या कचऱ्यात टाका, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा गटारात.

कृत्रिम धाग्याचे कपडे कमी वेळा, थंड पाण्यात, यंत्र पूर्ण भरून धुवा. टायरमध्ये हवा योग्य ठेवा, अचानक ब्रेक टाळा. तुटलेला मासेमारीचा दोर पाण्यात सोडू नका.

कायदे काय करताहेत?

सौंदर्यप्रसाधनांतल्या मण्यांवर अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला, ब्रिटनने २०१८ मध्ये बंदी आणली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये उत्पादनांत मुद्दाम घातल्या जाणाऱ्या मायक्रोप्लास्टिकवर व्यापक निर्बंध घातले. मणी हा प्रश्नाचा लहानसा भाग होता, आणि तो सोपा होता म्हणून आधी सुटला. टायर आणि कापड अजून जवळपास मोकळे आहेत.

प्लास्टिकवरच्या जागतिक कराराचा ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबीत झाला. बुसानमध्ये २०२४ च्या अखेरीस आणि जिनिव्हात ऑगस्ट २०२५ मध्ये चर्चा सहमतीविना संपली. अडलं ते मुख्यतः एकाच मुद्द्यावर: उत्पादनावर मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याची व्यवस्था सुधारायची. १९५० मध्ये वर्षाला सुमारे २० लाख टन असलेलं उत्पादन २०१९ मध्ये ४६ कोटी टनांवर गेलं होतं आणि कचऱ्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्वापरात जातो. हे आकडे समोर असताना उत्पादनाचा विषय टाळून चालेल असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

मासा साफ करताना पोटात पांढरा धागा दिसला. प्लास्टिक असेल का?

बहुतेक वेळा तो कृमी असतो. समुद्री माशांच्या आतड्यांभोवती आणि यकृतावर पांढरट, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घातलेले गोलकृमी नेहमी आढळतात. कोमट पाण्यात टाकून थोडा वेळ पाहा. मासा ताजा असेल तर कृमी हलतो. दोन्ही टोकं निमुळती असतील तर तो जीव आहे, प्लास्टिकचा धागा सगळीकडे सारख्या जाडीचा आणि टोकाशी तुटल्यासारखा असतो. असे कृमी नीट शिजवल्याने किंवा उणे २० अंशांना सात दिवस गोठवल्याने मरतात. आणि खरोखर प्लास्टिकचा तुकडा निघालाच, तर तो आतड्यासकट काढून कचऱ्यात टाका, आतली पोकळी वाहत्या पाण्याने धुवा आणि मासा नेहमीसारखा शिजवा.